पठारावरची नोंदवही

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरहून पुण्याकडे निघालं की चंदनापुरीचा घाट चढून गाडी पठारावर येते. घारगाव, बोटा, साकूर ही इथली मोठी गावं. मधून मुळा वाहते, बाकी सगळा मुरमाड माळ आणि टेकड्यांचा पसारा. तालुक्यात याला नुसतं 'पठार भाग' म्हणतात. इथल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते.

२०१८ मध्ये घारगाव-बोटा परिसरात जमिनीतून आवाज यायला लागले. लांब कुठंतरी सुरुंग उडावा तसा दबका धमाका, पाठोपाठ पत्र्यांची थरथर, मांडणीवरच्या भांड्यांचा किणकिणाट, आणि दोन-तीन सेकंदांत सगळं शांत. घरं पडली नाहीत, पण झोप उडाली. म्हातारी माणसं अंगणात अंथरूण टाकू लागली. मोबाईलवर अफवा फिरू लागल्या: खाली ज्वालामुखी जागा झालाय, अमुक तारखेला मोठा धक्का येणार आहे. वर्गात मुलं विचारायची, "बाई, आपल्याकडं किल्लारी होणार का?"

"घाबरू नका" एवढं सांगून भीती जात नाही, हे मला ठाऊक होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातून आलेले फोटो मी लहानपणी पाहिले होते. पांढऱ्या मातीच्या आणि दगडांच्या भिंतींखाली झोपेतच माणसं गेली होती. त्याआधीचा ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरच्या मोठ्यांच्या बोलण्यात अजून होता. मुलांचा प्रश्न खरा होता, त्याला खरं उत्तर द्यायला हवं होतं. ते शोधण्यासाठी वर्गात एक वही सुरू केली. रकाने मुलांनीच आखले: वेळ, किती सेकंद, आधी आवाज की आधी हादरा, काय हललं, त्या वेळी आपण कुठं होतो. अंदाज लिहायचा नाही, ऐकीव लिहायचं नाही, स्वतःला जाणवलं तेवढंच लिहायचं.

पहिला उपयोग लवकरच दिसला. हे खाणींतले सुरुंग असणार, असं गावात बरेच जण म्हणत होते. पण वहीतल्या वेळा दिवसभर विखुरलेल्या होत्या, मध्यरात्रीच्या आणि पहाटेच्याही होत्या. रात्री अडीच वाजता कोणी सुरुंग लावत नाही. आठवीतल्या एका मुलीने हे सगळ्यांत आधी दाखवून दिलं, आणि त्या दिवसापासून वहीकडे बघण्याची वर्गाची नजर बदलली.

पुढे पुण्याहून भूशास्त्राचे एक प्राध्यापक अभ्यासासाठी या भागात आले. ते शाळेतही आले आणि वही त्यांनी पानापानाने वाचली. मुलांना त्यांनी आधी आवाजाचं कारण सांगितलं. भूकंपात आधी प्राथमिक लहरी येतात. त्या खडकातून ध्वनीसारख्याच दाबाने पुढे सरकतात. धक्का लहान आणि उथळ असेल, तर त्यांतल्या जलद कंपनांचा काही भाग जमिनीतून हवेत उतरतो आणि कानाला धमाका ऐकू येतो. मागून येणाऱ्या दुय्यम लहरी जमीन आडवी हलवतात, त्यांनी भांडी वाजतात. या दोन लहरींच्या येण्यात जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला साधारण आठने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. पण एका केंद्रावरून अंतर तेवढं कळतं, दिशा कळत नाही. जागा पक्की करायला किमान तीन केंद्रं लागतात. आमच्या भागातल्या धक्क्यांची नोंद नाशिकच्या 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत होत होती. ते धक्के तीन रिश्टरच्या आतले होते. इतक्या लहान धक्क्यांची नेमकी जागा दूरच्या यंत्रांना सांगणं अवघड जातं. अशा वेळी कोणत्या वाडीत आवाज मोठा होता आणि कोणत्या वाडीत काहीच जाणवलं नाही, ही माहिती मोलाची ठरते. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं लोकांकडून अशाच नोंदी मागवतं, हे ऐकून मुलांच्या माना ताठ झाल्या.

मग किल्लारीचा प्रश्न. रिश्टरचा एक आकडा वर गेला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. मुलांनी फळ्यावर गणित केलं. २.८ चा धक्का आणि ६.२ चा किल्लारीचा भूकंप यांच्यात ऊर्जेचं अंतर निघालं सव्वा लाख पटींच्या आसपास. भूकंपाचं भाकीत जगात अजून कोणालाच करता येत नाही, तेव्हा तारीख सांगणारा प्रत्येक संदेश खोटा, हेही त्याच तासाला ठरलं. ज्वालामुखीची गोष्टही मोकळी झाली. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि थंड झाला. त्याला आता जाग येणार नाही. पण घराच्या भिंतीत दगड नुसते मातीत रचलेले असतील, तर मध्यम धक्कासुद्धा जीव घेऊ शकतो. म्हणून कोपरे पक्के सांधलेले हवेत, भिंतींना आडवा पट्टा हवा. ही गोष्ट मुलांनी घरी जाऊन सांगितली, आणि बांधकाम काढलेल्या दोन-तीन पालकांनी येऊन ती नीट समजून घेतली. मला तो दिवस फार समाधानाचा वाटला.

प्राध्यापकांनी आम्हाला वर्गाबाहेरही नेलं. माळावर ठिकठिकाणी काळ्या दगडांच्या सरळ रांगा दिसतात, जणू कोणी कुंपणाची भिंत घालून मध्येच सोडून दिली आहे. लहानपणापासून मी त्यांच्यावरून उड्या मारल्या होत्या. लाव्हा वर येताना जमिनीच्या उभ्या भेगांत गोठला, त्या या भिंती. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. निनाद बोंद्रे आणि सहकाऱ्यांनी संगमनेर परिसरातल्या या डाइकांचा अभ्यास करून २००६ मध्ये जगातल्या एका मान्यवर भूशास्त्रीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. आमच्याच जिल्ह्यातल्या १६४६ मीटर उंच कळसूबाईचं नावही दख्खनच्या लाव्ह्याच्या सगळ्यांत खालच्या, जुन्या थरसमूहाला दिलेलं आहे. पाठ्यपुस्तकात मुलं 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर' एवढंच पाठ करतात. जगभरचे भूशास्त्रज्ञ तिच्या नावाने खडकांचे थर ओळखतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

या भिंतींनी आमचा पाण्याचा प्रश्नही उलगडला. शाळेजवळच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला मेपर्यंत पाणी असतं, आणि हाकेच्या अंतरावरची त्याच्या चुलतभावाची विहीर जानेवारीत तळ दाखवते. भावकीत यावरून अबोला होता. "त्याने पाणाड्या चांगला आणला," एवढाच खुलासा सगळे द्यायचे. आम्ही जाऊन पाहिलं तर दोन्ही विहिरींच्या मधून डाइक गेलेला. अखंड, घट्ट डाइक जमिनीखालचं पाणी बंधाऱ्यासारखं अडवतो, आणि तो भेगाळलेला असेल तर त्याच्या कडेने पाणी वाहतं. इथे वरच्या अंगाच्या विहिरीत पाणी तुंबत होतं आणि खालच्या अंगाला पोहोचत नव्हतं. आमचा बेसाल्ट थराथराचा आहे. वर मुरूम, खाली सच्छिद्र खडक, मग काळा पाषाण, मध्ये कुठे तांबड्या गेरूचा पट्टा. पाणी साठतं ते बहुतेक मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात. तळाच्या घट्ट पाषाणात कितीही खोल बोअर मारलं, तरी भेग लागली नाही तर धुरळाच वर येतो. तिथे पाचशे-सहाशे फूट खाली गेलेला पैसा म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचं कर्ज.

तेव्हा वहीत आणखी एक पान वाढलं: विहिरींची पातळी. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा पाणी मोजते. आमची मुलं शाळेभोवतीच्या काही विहिरींत दर महिन्याला कठड्यापासून वजन बांधलेली टेप सोडतात. पटांगणात पर्जन्यमापक आहे. याच जिल्ह्यातल्या घाटघर-रतनवाडीला पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस जातो, आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला पाचशे मिलिमीटरही मिळवताना दमछाक होते. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार या कमी पावसाच्याच पट्ट्यातलं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने शेतीसाठी बोअरवेल बंद केली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि पाणी पुरणार नसेल तर पिकं बदलायची, हा तिथला रिवाज झाला. मी मुलांना घेऊन गेले तेव्हा तिथल्या भिंतीवर पावसाचे आणि पाण्याचे आकडे लिहिलेले होते. एका मुलाने विचारलं, "आपल्या पंचायतीच्या भिंतीवर का नाहीत?" तो प्रश्न मी ग्रामसभेत नेला. आता आमच्याही भिंतीवर पाऊस लिहिला जातो.

आणि बिबट्या. उसाच्या आणि मक्याच्या पट्ट्यात रात्रीची लाईट आली की माणसं दारं धरायला जातात, त्यामुळे भीती रोजचीच. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांच्या बांधांवर, ओढ्यांच्या काठी कॅमेरे लावून बिबट्यांची गणना केली. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, त्यावरून तो ओळखता येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि साधारण तितकेच तरस. तेही माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक असलेल्या भागात. पुढे विष्ठेतल्या केसांवरून त्यांचं खाणं तपासलं, तेव्हा ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कित्येक पट, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. कारण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रं मोकळं फिरतं. आमच्या गावाने यातून दोन गोष्टी उचलल्या: गोठ्याला जाळी लावली आणि मांस-कोंबड्यांचा कचरा ओढ्यात टाकणं थांबवलं.

पकडून लांब सोडणं हा उपाय का चालत नाही, हे 'आजोबा' नावाच्या बिबट्याने दाखवून दिलं. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत २००९ मध्ये तो पडला होता. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. तिथून रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत, सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. पुढे एका वाहनाच्या धडकेत तो मेला. ही हकिगत सांगितली तेव्हा बिबट्याच्या भीतीने शाळा बुडवणाऱ्या मुलींनीच विचारलं, "बाई, आपल्या भागात कोणता असेल?" भीतीच्या जागी कुतूहल आलं होतं. संध्याकाळी एकटं न जाणं, मोठ्याने बोलत चालणं, बॅटरी बाळगणं, ही काळजी त्या घेतात, आणि शाळेत येतात.

धक्के, विहिरी, बिबट्या या तिन्ही गोष्टी आमच्याकडे भीतीच्या यादीत होत्या, आणि प्रत्येक भीतीवर कोणीतरी धंदा करत होतं: तारखा सांगणारे, नारळ हातात घेऊन पाणी दाखवणारे, पिंजरा लावल्याचं श्रेय घेणारे. मोजायला लागल्यावर धक्के थांबले नाहीत, दुष्काळ टळला नाही, बिबट्याही गेला नाही. पण त्यांच्यासोबत राहण्याचे निर्णय आम्ही स्वतः घेऊ लागलो. संशोधन ही विद्यापीठात घडणारी आणि पेपरात छापून येणारी गोष्ट आहे, असं गावाला वाटत राहिलं तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. संशोधकांना दूरच्या जागेवरच्या, वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्या असतात, आणि त्या ठेवू शकणारी माणसं त्या जागेवरच राहतात.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला माझं सांगणं आहे. एक पर्जन्यमापक बसवा. जवळच्या दोन विहिरी निवडा आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मोजा. धक्का जाणवला तर वेळ लिहा. प्राण्याचा ठसा दिसला तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. दहावीची मुलं पास होऊन जातात, तेव्हा आमच्याकडे वही नववीच्या हाती सोपवली जाते. एखाद्या वर्षात त्यातून फार काही दिसणार नाही, पण वीस वर्षांच्या वहीतून गावाला आपलं पाणी, आपली जमीन आणि आपले शेजारी वाचता येतील. एवढी सलग नोंद जिल्ह्यातल्या हजारो शाळांनी ठेवली, तर तो अहिल्यानगरने विज्ञानाला दिलेला फार मोठा ठेवा असेल.