आम्ही गेलो

मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' असे म्हटले की बोलणारा कोण ते लगेच कळते. 'आम्ही गेलो' म्हटले की कळत नाही. अनेकवचनात स्त्री आणि पुरुष एकाच क्रियापदाच्या आडोशाला उभे राहतात. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या जोडप्याला ही मोठीच सोय आहे. आम्ही ती सोय वीस वर्षे वापरली. ती नेमकी कशासाठी वापरली, हे अलीकडे दोन जुन्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून वाचताना ध्यानात आले.

2005 च्या ऑगस्टमध्ये आम्ही लाहौलमधील दारच्यापासून झंस्कारमार्गे लामायुरूपर्यंत चालत गेलो. ही सुमारे वीस दिवसांची वाट होती. सामान पाठीवर घेतलेले, आणि वाटेत शिंगो ला, हनुमा ला, सिंगे ला या खिंडी. 'ला' म्हणजेच खिंड. लडाख या नावाचा अर्थही खिंडींचा मुलूख असाच सांगितला जातो. यांतली शिंगो ला पाच हजार मीटरांच्या वर आहे. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने निम्म्याहून किंचित अधिक असतो.

येवल्याच्या माणसाने याची तयारी कोठे करावी? आम्ही ती अनकाईवर केली. पाठपिशवीत तूरडाळीच्या पिशव्या भरून रविवारी पहाटे अनकाई गाव गाठायचे, लेण्यांवरून अनकाई आणि टनकाई यांमधल्या खिंडीत चढायचे आणि मग दरवाजांमागून दरवाजे ओलांडत माथ्यावरच्या अगस्तींच्या स्थानापर्यंत जायचे. किल्ला जेमतेम तीन हजार फुटांचा. पायांना सराव झाला. फुप्फुसांना त्याचा उपयोग शून्य. हे आम्हाला ठाऊक होते, तरी दर रविवारी उतरताना हिमालय थोडा जवळ आल्यासारखे वाटे.

अगस्ती हे पर्वत ओलांडणाऱ्यांचे दैवत म्हणायला हरकत नाही. विंध्याला वाकायला लावून ते दक्षिणेत आले आणि परत गेलेच नाहीत. या कथेत विंध्याशी बोलतात ते अगस्ती. लोपामुद्रेचा शब्द तेथे ऐकू येत नाही. तिचा शब्द ऋग्वेदात आहे, पहिल्या मंडलातील 179 व्या सूक्तात, आणि तो थकव्याचा आहे. वर्षानुवर्षे श्रमून आपण झिजलो, असे ती आरंभीच सांगते. पतिपत्नींच्या त्या संवादात पहिल्यांदा तोंड उघडते ती थकलेली व्यक्ती, ही गोष्ट आम्ही वर्गात शिकवताना कधी लक्षात घेतली नव्हती. सूक्त कामभावनेचे म्हणून आम्ही ते घाईने आटोपत असू, हेही येथे कबूल करावे.

दारच्याहून निघाल्यावर तिसऱ्या रात्री आम्ही रामजाकला मुक्काम केला. उंची चौदा हजार फुटांच्या आसपास. एका वहीत त्या संध्याकाळची नोंद अशी आहे: 'डोके दुखते. सांगितले नाही.' दुसऱ्या वहीत त्याच तारखेखाली: 'ओठ निळसर. विचारले नाही.'

दोन्ही वाक्ये पुन्हा वाचावीत. कर्ता नाही, लिंग नाही. कोणती नोंद कोणाची, हे भाषेवरून सांगता येणार नाही. आम्हाला अक्षर ओळखून ते कळते. वाचकाला ते कळावे की नाही, याबद्दल आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही. एकाने सांगितले नाही, कारण दोन वर्षे पैसे साठवून ठरवलेली वाट आपल्यामुळे मोडू नये. दुसऱ्याने विचारले नाही, कारण विचारले तर उत्तर मिळेल आणि उत्तर मिळाले तर उतरावे लागेल. पहिल्या मौनाला लोक त्याग म्हणतील. दुसऱ्याला काय म्हणावे?

उंचीच्या आजाराचा नियम कोणत्याही माहितीपुस्तिकेत असतो. डोके दुखत असेल तर वर झोपायला जाऊ नये; त्रास वाढला तर ताबडतोब उतरावे; आणि आजारी माणसाचा स्वतःविषयीचा निर्णय मानू नये, कारण मेंदूच त्या वेळी भरवशाचा नसतो. म्हणजे निर्णय सोबत्याचा. सरळ रेषेत, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालता येते का, ही साधी चाचणीही आम्हाला पाठ होती. ती करून पाहायला पाच मिनिटेही लागली नसती.

सकाळी ती चाचणी करायला लावली ती दारच्याकडे उतरणाऱ्या एका झंस्कारी घोडेवाल्याने. तो चहाला थांबला, एका चेहऱ्याकडे पाहिले आणि गोट्यांमधली चार पावलांची मोकळी जागा दाखवून म्हणाला, 'चलके दिखाइए.' तिसऱ्या पावलाला तोल गेला. मग तो म्हणाला, 'हम नीचे जाएँगे.' हिंदीतला हा 'हम' आम्ही पुढे कितीतरी वेळा आठवला. त्यात आम्ही दोघे होतो, की तो आणि त्याचे घोडे होते, की आम्ही सगळेच होतो? मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांतून त्याला एक निवडावा लागला असता. लडाखी भाषेतही हा भेद आहे, असे पुढे कळले. त्याच्या मनात त्याच्या भाषेतला कोणता शब्द होता, हे विचारायला हवे होते. त्याने एक पाठपिशवी घोड्यावर टाकली आणि चालू लागला. तेव्हा 'आपण'च असावा.

झंस्कार सुमदोला दोन रात्री काढल्यावर डोके उतरले. मग आम्ही पुन्हा चढलो आणि शिंगो ला ओलांडली. पताकांपाशी 'की की सो सो ल्हार्गेलो' असे ओरडण्याची रीत आहे, देवांचा जय असो अशा अर्थाची. आम्ही ओरडलो नाही, दम नव्हता. पुढे फुगतालचा मठ लागला. 1825-26 मध्ये चोमा द कोरोश हा हंगेरियन अभ्यासक तेथे तिबेटी भाषा शिकत राहिला होता. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश 1834 चा, म्हणजे मोल्सवर्थच्या मराठी कोशानंतर तीनच वर्षांनी आलेला. त्या थंड कोठड्या पाहताना शब्दांसाठी माणूस किती सोसतो याचे आम्हाला नवल वाटले. आम्हाला तर काही दिवसांपूर्वी एक शब्द बोलणे जमले नव्हते.

परतल्यावर आम्ही एक लेख लिहिला. त्यात रामजाकविषयी एकच वाक्य आहे: 'हवेशी जुळवून घेण्यासाठी आम्ही दोन दिवस खाली उतरलो.' त्यात व्याकरणाची चूक नाही, आणि घटनाही खोटी नाही. लेख वाचून काही विद्यार्थ्यांनी सहजीवनाचा आदर्श वगैरे म्हटले. आम्ही मान डोलावली.

आता ती पायवाट उरलेली नाही. शिंगो लावरून मोटाररस्ता झाला आणि 26 जुलै 2024 रोजी खिंडीखालच्या बोगद्यासाठी पहिला सुरुंग उडाला. झंस्कारच्या लोकांना हिवाळ्यात रुग्णालय गाठता यावे, यापुढे आमच्यासारख्या हौशी चालणाऱ्यांच्या हळहळीला किंमत नाही.

गेल्या पौषात आम्ही बऱ्याच वर्षांनी अनकाईला गेलो. पाठीवर डाळ नव्हती, पाण्याची एक बाटली होती. खिंडीच्या अलीकडे आमच्यातील एकाचे पाऊल थबकले आणि आवाज आला, 'माझा गुडघा दुखतोय.' दुसऱ्याने विचारले, 'कधीपासून?' उत्तर आले, 'लेण्यांपासून.' म्हणजे पंधरा-वीस मिनिटे तरी सांगितले नव्हतेच. तेथेच एका दगडावर बसलो. खाली मनमाडकडे एक मालगाडी चालली होती. डबे मोजायला सुरुवात केली आणि दोघांचे आकडे वेगवेगळे आले. वर न जाता आम्ही उतरलो.