फुसका बार

खडकी, पुणे

चि. अनिकेत,


तुझं पत्र वाचून कानाखाली द्यावीशी वाटली, पण हात टेक्सासपर्यंत पोचत नाही. ‘बार फुसका झाला, म्हणून लगेच परत चाप ओढणार होतो, शेजारच्यानं मनगट धरलं.’ हे असं हवापाणी कळवल्यासारखं लिहितात? त्या माणसाचा पत्ता पाठव. दिवाळीत त्याला चकल्या जातील.

आणि विचारतोस काय, तर रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग बदलू का! अरे, स्प्रिंग कमजोर असती तर काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर नुसती पुसट खूण उठली असती, बार उडालाच नसता. तुझी टोपी पेटली. दारू एक तर नव्हती किंवा पुरेशी नव्हती. तेवढ्यावर गोळी काडतुसाच्या केसमधून सुटते आणि नळीत अडकून बसते. वर दुसरी झाडलीस की नळी फुगते, नाही तर फाटते.

नट ब्रँडन ली १९९३ साली ‘द क्रो’च्या चित्रीकरणात गोळी लागून गेला, त्याचं मूळ हेच. त्याच्या बापाचं पोस्टर तुझ्या खोलीत होतं, म्हणून सांगते. दिखाऊ काडतुसांतली दारू काढली होती, पण टोपी जिवंत राहिली होती. तिनं गोळी नळीत ढकलली. नळीत कुणी डोकावलं नाही. पुढे नुसत्या आवाजाच्या काडतुसानं तीच गोळी बाहेर फेकली.

आवाज किंवा धक्का कमी वाटला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. चाप ओढून काहीच झालं नाही, तर नळी निशाण्याकडेच रोखून निदान ३० सेकंद थांबायचं. एखादं काडतूस उशिरा पेटतं.

दोष बंदुकीत नाही, तू काडतुसं भरतोस त्या टेबलावर आहे. फोटो पाठवलास म्हणून बरा सापडलास! दारूचे दोन डबे उघडे आणि मध्ये फोनवर क्रिकेट. तुझं ‘.३८ स्पेशल’ काडतूस मुळात १८९८ सालचं, त्याची केस काळ्या दारूच्या मापाची. आजची धूरविरहित दारू तिच्या तळाशी जेमतेम दिसते. दुप्पट पडली तरी मावते, मुळीच पडली नाही तरी बाहेरून कळत नाही. एका चौकाराच्या वेळात दोन्ही होतं. तुझी आई फोनवर बोलताना आमटीत दोनदा मीठ घालते. तिथे निदान पाणी वाढवता येतं.

मी होते त्या दारूगोळा कारखान्याच्या दारात आमची झडती घेत, काडेपेटी बाहेर ठेवायला लावत. मला विचारशील तर आज आधी फोन काढून घ्यावा, आणि नुसत्या कारखान्यात नाही; स्वयंपाकघरात, गाडीत, जेवणाच्या ताटावरसुद्धा. तुझा बाप पेपर वाचत जेवायचा, काय खाल्लं ते सांगता यायचं नाही. तो वारसा तू उचललास. असो.

टेबलावर एका वेळी एकच डबा. माप छापील पुस्तकातलं, त्यातही खालचं, आणि काटा रोज तपासलेला; एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. दारू घातलेल्या केस फळीत उभ्या करून प्रत्येकीत विजेरीनं डोकावायचं, मगच गोळ्या बसवायच्या. त्या खेपेची उरलेली काडतुसं झाडून संपवू नकोस, मोडून टाक. आणि तुझी ईरा रांगते आहे ना आता? टोपीच्या मसाल्यात शिसं असतं. हात साबणानं धुतल्याशिवाय तिला उचलायचं नाही.

पण मुख्य ते तू लिहिलंच नाहीस. गोळी अजून नळीतच आहे का? स्क्रूड्रायव्हर खुपसून काढायला जाऊ नकोस, बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे ने. आणि फोन कर. आमच्याकडे मध्यरात्र असली तरी चालेल, मी जागीच आहे.

तुझी,
आत्या