दोन इंच

तर झालं असं की, डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सकाळी दादाचा फोन आला. शनिवारी परतवाड्याहून एवढ्या सकाळी फोन म्हणजे एकतर कुणाचं लग्न जमलं, नाहीतर कुणीतरी गेलं. या वेळी दोन्ही नव्हतं.

"अबे, पिकअप मांगून लयच बसून राह्यली. दोन इंच उचलून घ्याव म्हणतो. तू पायत असतं ना ते अमेरिकेतले व्हिडिओ?"

पाहतो. कबूल आहे. हिंजवडीतल्या एसीत दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधून झाले की रात्री मी टेक्सासमधला कुणीतरी दाढीवाला माणूस आपल्या ट्रकच्या खाली सरपटत जाऊन सस्पेन्शन उचलतोय, हे तासन् तास बघू शकतो. का, ते विचारू नका. बायको विचारून थकली. :)

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. बाबांनी सुरू केला, आता दादा चालवतो. पिकअपच्या डाल्यात पाइप, पडदे, खुर्च्या, कढया... आणि मागे पिन टाकून जोडलेली दोन चाकांची ट्रॉली, तिच्यावर जनरेटर. ट्रॉलीसकट हजार किलोच्या आसपास वजन, आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. परतवाडा म्हणजे सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. सपाटीवर अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव. आणि उत्तरेला निघालात की लगेच घाट सुरू. वर मेळघाट. तिथल्या गावांतली लग्नं म्हणजे जनरेटर हवाच. त्यामुळे लग्नसराईत ही वरात महिन्यातून चार-पाचदा घटांगच्या रस्त्याने वर जाते आणि मध्यरात्री खाली येते.

मागची बाजू बसली की काय होतं? हेडलाइट रस्त्याऐवजी झाडांचे शेंडे दाखवतात, समोरचा शिव्या देतो, आणि स्टिअरिंग हलकं होतं. हे हलकं होणं वाईट. हिशोब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण तीन मीटर अंतर धरा, आणि ट्रॉलीची पिन मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे. पिनवर १०० किलो भार आला तर मागच्या आसावर १०० नाही, जवळपास १४० किलो येतात. वरचे ४० कुठून आले? पुढच्या चाकांवरून. म्हणजे ज्या चाकांनी गाडी वळवायची, त्यांच्यावरचाच भार कमी.

हा हिशोब मी दादाला फोनवर ऐकवला. तो म्हणाला, "हाव ना, मंग सांग काय करू."

इथे माझी चूक सुरू होते.

पाट्यांची गाडी मागून उचलायचे तीन मार्ग. एक, पाट्यांच्या संचात आणखी एक पाटा वाढवणे. दोन, शॅकल लांब करणे. तीन, आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी गुटका घालून लांब यू-बोल्टने आवळणे. गुटका सगळ्यात स्वस्त आणि झटपट. दुपारी गाडी लावली, संध्याकाळी घरी. मी त्या आठवड्यात सुटीवर घरी येणार होतोच. रविवारी आम्ही एका गॅरेजमध्ये दोन इंची गुटके घालून घेतले. मी शेजारी उभा राहून सूचना देत होतो, मिस्त्री "जी साहेब" म्हणत होता. गाडी उचलली. दिसायला झकास. दादाने फोटो काढले. बाबा ओसरीवरून बघत होते. एवढंच म्हणाले, "वजन थेच हाय ना पण?"

मी हसलो. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. आणि मी इंजिनिअर.

मार्चमध्ये होळीला घरी गेलो, तर पिकअप अंगणात आणि ट्रॉलीचा दांडा वाकलेला. दादा काही बोलेना. "लागलं असंन कुठं तरी," म्हणून विषय बदलला. रात्री बाबांनी सांगितलं. दहा दिवसांपूर्वी लग्न आटोपून घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक लागेनासे झाले. पाय दाबला की पेडल दगडासारखं, पुढच्या चाकांतून जळका वास, आणि मागून ट्रॉली ढकलतेय. केबिनमध्ये दादा आणि कामावरची दोन पोरं. दादाने कसाबसा दुसरा गिअर घातला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घासत नेली. दरीची बाजू दुसरी होती. कुणाला काही झालं नाही.

"तुले नाही सांगतलं त्यानं. तुले वाईट वाटन म्हणे."

त्या रात्री झोप लागली नाही. प्रॉडक्शन पाडलंय मी याआधी, एकदा नाही तीनदा. पण तेव्हा समोर डॅशबोर्डवर लाल दिवे असतात. त्यांना घरी दोन लेकरं नसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाट्यांचंच काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. गाडी खड्ड्यावर घेतली. चाचा बॅटरी घेऊन खाली गेले, दोन मिनिटांत मला खाली बोलावलं आणि मागच्या आसावरून चॅसीकडे जाणारी एक बारकी दांडी दाखवली.

"ये देखा था क्या?"

मी ती दांडी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. एलएसपीव्ही म्हणतात. रिकाम्या गाडीत मागची चाकं हलकी असतात, जोरात ब्रेक मारला तर ती जाम होऊन गाडी फिरेल. म्हणून रिकामी असताना हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला कमी दाब देतो आणि भरल्यावर जास्त. पण गाडी भरलीय हे त्याला कळतं कसं? त्याला वजन कळत नाही. त्याला फक्त आस आणि चॅसी यांच्यातलं अंतर कळतं, त्या दांडीमधून. अंतर कमी झालं म्हणजे माल भरलाय, इतकं साधं गृहीतक.

आणि आम्ही काय केलं? माल तोच ठेवून अंतर दोन इंच वाढवलं. पाइपांनी भरलेली, मागे हजार किलो ओढणारी गाडी घाट उतरतेय आणि व्हॉल्व्ह समजतोय की ती रिकामी आहे! मागचे ब्रेक अर्धवट, सगळा भार पुढच्यांवर. पुढचे तापले आणि शेवटी मेले. वर ट्रॉलीचा दांडाही दोन इंच उचलला गेलेला, म्हणजे ट्रॉलीचं नाक वर आणि तिचं वजन आणखी मागे.

आमच्या भाषेत सांगायचं तर, एक मॉड्यूल दुसऱ्याच कुठल्या तरी व्हॅल्यूवरून अंदाज बांधत होतं आणि मी ती व्हॅल्यू कुणालाही न विचारता बदलली होती. रिव्ह्यूमध्ये कुणी ज्युनिअरने हे केलं असतं तर मी त्याला तासभर ऐकवलं असतं.

मग दोन दिवस दुरुस्ती. गुटके काढले. चाचांनी पाट्यांचा संच उघडला तर खालचा एक पाटा तडकलेला निघाला. मूळ आजार हा होता! तो बदलला आणि एक जादा पाटा वाढवला. मी म्हटलं, जरा जाड घालू या. चाचा म्हणाले, "पाटा गाडी उठाने के लिए नहीं होता भाऊ, वजन झेलने के लिए होता है." आणि खरंच आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० चा घेतला तर तो पाटा जवळपास दुप्पट कडक. मग रिकामी गाडी टणाटण उडते आणि मागचं चाक रस्ताच सोडतं. म्हणून आठचाच. यू-बोल्ट चारही नवे, कारण एकदा ताणलेले पुन्हा भरवशाचे नसतात. आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यायची ताकीद. तिसऱ्या दिवशी अमरावतीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये प्रेशर गेज लावून तो व्हॉल्व्ह नव्या उंचीप्रमाणे सेट करून घेतला. तिथल्या माणसाने फुकटात आणखी एक सांगितलं: मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मनाने फेरफार चालत नाहीत, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलंय. माल वाहणारी गाडी दरवेळी पासिंगला न्यायची असते, तेव्हा उंच गुटके कशाला मिरवता?

राहिलं ट्रॉलीचं. हे काम बाबांनी केलं. त्यांनी दांडा पिनवरून सोडवला, हाताने उचलून पाहिला आणि म्हणाले, "उलाळ हाय."

लहानपणी आमच्याकडे बंडी होती. बंडी मागून जड झाली की उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जड झाली की त्याचे खांदे सोलून निघतात. म्हणून भरताना थोडं वजन पुढे ठेवायचं, थोडंच. अमेरिकन व्हिडिओंत हेच असतं, ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के दांड्यावर हवेत म्हणून. बाबांनी टक्के काढले नाहीत. जनरेटरचे बोल्ट सोडून तो चार बोटं पुढे सरकवला, पुन्हा दांडा उचलून पाहिला आणि "आता बस" म्हणाले. मी गुपचूप वजनकाटा लावून पाहिला. १२ टक्के.

पाइपही आता मागे लोंबत नाहीत, केबिनला टेकवून भरतात. रिकामी गाडी पूर्वीपेक्षा जेमतेम अर्धा इंच उंच दिसते. भरल्यावर मात्र पूर्वीपेक्षा दीड इंच कमी बसते. हेडलाइट रस्त्यावर आहेत.

"तुह्ये दोन इंच काही भेटले नाही," दादा म्हणाला. मी त्याला सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर म्हणे, "राहू दे बाप्पा, चाय पे."

आणि बाबांचा जुना नियम पुन्हा लागू झालाय: ज्या गिअरवर घाट चढला, त्याच गिअरवर उतरायचा. ब्रेक फक्त थांबायला.

परवा रात्री पावणेदोनला व्हॉट्सॲप वाजलं. एकच शब्द. "उतरलो."

मी जागाच होतो.