पुन्हा एकदा

परवा जेवताना लेक आणि भाचा भांडत होते. कारण काय, तर कॅलिफोर्नियातला ‘ब्लिंक-१८२’ हा बँड! लेक म्हणाला, “१९९९ मधली ती मस्ती आता कुठाय?” भाचा म्हणाला, “पन्नाशीला आल्यावरही पोरकटपणाच करायचा का?”

पन्नाशी म्हटल्यावर माझे कान टवकारले. हे तिघे २००५ मध्ये फुटले. २००८ मध्ये ड्रमवाला विमान अपघातातून वाचला, तेव्हा जवळ आले. २०१५ मध्ये पुन्हा दुरावले. २०२१ मध्ये मार्क हॉपसला कॅन्सर झाला, नि पुढच्या वर्षी परत एकत्र! २०२३ चं त्यांचं गाणं मी मुद्दाम ऐकलं. मस्ती ओसरलीय खरी, पण त्यातली हुरहुर माझ्या ओळखीची निघाली.

माणसं जोडायला दुखणंच का यावं लागतं? भांडी तशीच ठेवली नि धाकट्या जाऊबाईंना फोन लावला. सहा वर्षांनी.