आपली पाळी

डोंबिवलीत आमच्या गल्लीत ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. तो आउट झाला की तो चेंडू ‘ट्रायल बॉल’ ठरायचा आणि आम्ही निमूट ऐकून घ्यायचो. स्केटबोर्ड तेव्हा फक्त मित्राच्या कॉम्प्युटरवर, टोनी हॉकच्या गेममध्ये. पडलं की बटण दाबायचं, गडी पुन्हा उभा!

खरं पडणं पाहिलं ते नोकरीसाठी लंडनला आल्यावर. थेम्सकाठी क्वीन एलिझाबेथ हॉलच्या पोटात, काँक्रीटच्या खांबांमध्ये, १९७०च्या दशकापासून पोरं स्केटिंग करत आली आहेत. ऑफिस सुटलं की मी तिथल्या कठड्याला टेकून उभा राहायचो.

सुरुवातीला नुसता गोंधळ वाटायचा. कोच नाही, शिट्टी नाही. रांगही दिसत नव्हती, पण पाळी प्रत्येकाला ठाऊक होती. मध्ये घुसणारा तो ‘स्नेक’. बोर्ड पायातून निसटून पळाला तर ‘बोर्ड!’ म्हणून ओरडायचं. कोणी शूटिंग करत असेल तर थांबायचं. एक पोरगा पायऱ्यांवरून किकफ्लिप मारत होता. बोर्ड हवेत गिरकी घ्यायचा आणि पोरगा कोपरावर आपटायचा. हळूहळू बाकीच्यांनी आपापला सराव थांबवला. शेवटी दोन्ही पाय बोर्डावर टेकले, तसे सगळ्यांनी आपापले बोर्ड जमिनीवर आपटले. तिथली टाळी ती हीच. त्याच्याहून कितीतरी सफाईदार खेळणाऱ्यांना ती मिळाली नव्हती. दाद सफाईला नव्हती, चिकाटीला होती.

अलिखित नियमांत एक खोट असतेच: ते आधीपासून आत असलेल्यांनाच माहीत असतात. नवख्यावर ‘पोझर’चा, म्हणजे नुसता आव आणणाऱ्याचा, शिक्का लगेच बसतो. मुली कितीतरी वर्षं बघ्यांतच राहिल्या. पण २०१३ मध्ये त्या जागी दुकानं काढायचं घाटलं, तेव्हा हीच बेशिस्त म्हणवली जाणारी पोरं टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सह्या घेत बसली. पुढच्या वर्षी जागा त्यांच्याकडेच राहिली.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, हा खेळ पहिल्यांदा आला. जपानची मिसुगु ओकामोतो जागतिक क्रमवारीत अव्वल, पण शेवटच्या फेरीत पडली आणि चौथी आली. ती रडत बाहेर आली, तर प्रतिस्पर्धी मुलींनीच तिला खांद्यावर उचललं. समालोचकांना नवल वाटलं असेल, मला नाही.

आता माझी मुलगी दर शनिवारी स्केटपार्कात जाते. घरी रिमोटसाठी भावाशी भांडणारी ही पोर तिथे शहाण्यासारखी पाळीची वाट बघते. आम्हा आईबापांचेही नियम आहेत: कठड्यावरून सल्ला द्यायचा नाही, आणि पोर पडलं तरी त्याने आपल्याकडे पाहिल्याशिवाय धावायचं नाही. हे मला कोणी सांगितलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंकडे बघून शिकलो. त्यांचा मुलगा पडला, तेव्हा त्यांनी फक्त थर्मासचं झाकण घट्ट केलं.