साक्षीपुराव्याचे शास्त्र

यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत जनुकांचे दप्तर एकच असूनही दोन्हींचा कारभार इतका भिन्न चालतो, याचे एक प्रमुख कारण म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर या नावाने ओळखली जाणारी नियामक प्रथिने होत. डीएनएवरील विशिष्ट अक्षरक्रम हेरून ती तेथे स्थानापन्न होतात आणि जनुकांचे कार्य सुरू अथवा बंद करतात. मानवात अशी सुमारे 1,600 प्रथिने असून, त्यांपैकी कोणाचा अंमल कोणत्या जनुकांवर चालतो, याचा संगणकाच्या साहाय्याने तपास करणे हा माझा व्यवसाय आहे.

प्रथिन जेथे बसल्याचे प्रयोगाने सिद्ध झाले आहे असे तुकडे एकाखाली एक मांडून, प्रत्येक स्थानी कोणते अक्षर किती वेळा येते याचे कोष्टक केले, म्हणजे कोणत्याही नव्या तुकड्यास गुण देता येतात. परंतु सहा अक्षरांचा क्रम निव्वळ योगायोगानेही सरासरी 4,096 स्थानांत एकदा, म्हणजे तीन अब्ज अक्षरांच्या मानवी जनुकसंचात सात लाखांहून अधिक वेळा आढळावयाचा. म्हणूनच वासरमन आणि सँडेलिन या संशोधकांनी 2004 साली, केवळ कोष्टकाने दाखविलेली जवळजवळ सर्व स्थाने कार्यशून्य असतात, असा निर्वाळा दिला.

यास्तव इतर साक्षी तपासाव्या लागतात: तोच क्रम उंदरातही उत्क्रांतीने जतन केला आहे काय, 2007 पासून प्रचारात आलेल्या चिप-सीक पद्धतीने प्रथिन तेथे प्रत्यक्ष बसलेले दिसते काय, आणि ते प्रथिन काढून घेतल्यावर जनुकाचे कार्य पालटते काय. पी53 हे प्रथिन पी21 या जनुकास चालना देऊन डीएनए बिघडलेल्या पेशीचे विभाजन थोपविते, हे आपण निःशंकपणे म्हणतो ते अशा स्वतंत्र साक्षी परस्परांशी जुळतात म्हणूनच.

प्रथिन जेथे बसते तेथून शेजारचे जनुक तेच त्याच्या ताब्यातले, हे अनुमानही सर्वत्र ग्राह्य नाही. हातापायांच्या घडणीत सॉनिक हेजहॉग जनुकास आज्ञा देणारा तुकडा त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. आणि त्यातील एका अक्षराच्या फेरबदलानेही बालकास अधिक बोट येऊ शकते.

प्रयोगशाळेतील संशोधक अशा तपासातून आम्ही काढलेल्या जनुकांच्या यादीवर विसंबून आपले श्रम खर्च करतात. तेव्हा या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की प्रत्येक जनुकापुढे त्याचा पुरावा स्वतंत्रपणे नोंदवावा, आणि जेथे केवळ अक्षरसाम्य आहे तेथे तसे स्पष्ट लिहावे.