एक तारा, तीन ग्रह आणि माझी दुरुस्ती



आजची नोंद आभाळातून सुरू होते, पण उतरते आपल्या सोयाबीनवरच. तेवढा धीर धरा.

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. हरभऱ्याला तुषारचं पाणी चालू आहे. तीन-तीन तासांनी पाईप उचलायचे, पुढच्या टप्प्यावर जोडायचे आणि मधल्या वेळात घोंगडी पांघरून बांधावर बसायचं. परवा माझी पुतणी सुट्टीला आली होती, बीएस्सीला आहे. तिच्या वडलांसोबत चहा घेऊन रानात आली. रात्रीचे दहा वाजले असतील. पूर्वेला मृग चांगला वर आला होता, आग्नेयेला अगदी खाली अगस्त्य नुकताच दिसायला लागला होता. ती म्हणाली, "काका, तुम्हाला एक तारा दाखवते. त्याला ग्रह आहेत."

मृगाच्या चार खुरांपैकी जो निळसर पांढरा तारा आहे, त्याच्याजवळून ताऱ्यांची एक नदी निघते आणि वळणं घेत घेत दक्षिणेला जाते. एरिडॅनस तिचं नाव. त्या नदीच्या दक्षिणेकडच्या भागात तिचा तारा होता. हात लांब करून धरला तर क्षितिजापासून दीड वीत वर. तसा फिकाच. गावातल्या दिव्यांत दिसणार नाही, रानात अंधार म्हणून दिसला.

त्याला मोठं नाव नाही. नंबर आहे, एचडी २०७९४. मी म्हणलं, हा तर आपला गट नंबर झाला! तर खरोखरच तसं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत सव्वादोन लाख ताऱ्यांची यादी केली. ॲनी जंप कॅनन नावाच्या बाईंनी एकेका ताऱ्याच्या प्रकाशाची प्रत ठरवली. हेन्री ड्रेपर यांच्या नावावरून तिला एचडी म्हणतात. ताऱ्यांचा सात-बाराच म्हणा.

हा तारा आपल्या सूर्याच्याच जातीचा, थोडा लहान, थोडा मंद. अंतर २० प्रकाशवर्षं. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, याचा यायला वीस वर्षं. त्या रात्री आम्ही जो उजेड पाहिला तो पुतणीच्या जन्माच्या आसपास तिथून निघालेला होता. आभाळाच्या हिशेबात एवढं अंतर म्हणजे शेजारचा बांध.

आता मुद्द्यावर येतो. एवढ्या लांबचा ग्रह डोळ्याला दिसत नाही, दुर्बिणीतूनही नाही. मग ग्रह आहे हे कळतं कसं? वासरू खुंट्याला बांधलंय आणि गोल गोल पळतंय असं समजा. अंधारात वासरू दिसत नाही, पण खुंट्यावर हात ठेवला तर खुंटा हलतोय हे कळतं. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तसा ताऱ्यालाही जरासा ओढतो. तारा आपल्याकडे सरकला की त्याच्या उजेडातल्या रेषा निळ्या रंगाकडे सरकतात, लांब गेला की तांबड्याकडे. ते सरकणं मोजायचं. १९९५ साली स्वित्झर्लंडच्या मिशेल मेयर आणि डिडिए क्वेलो यांनी याच पद्धतीनं सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. २०१९ ला त्यांना नोबेल मिळालं.

पण तो ग्रह गुरूसारखा दांडगा, खुंटा जोरात हलवणारा होता. आपल्या या ताऱ्याचं हलणं सेकंदाला एका मीटरपेक्षाही कमी आहे. औत ओढणारा बैल चालतो तेवढंच समजा. आणि ते मोजायचं वीस प्रकाशवर्षांवरून! त्यात ताऱ्याचा पृष्ठभाग सतत उकळत असतो, वर डाग येतात, तारा स्वतःभोवती फिरतो तसे डागही फिरतात. त्यामुळेही रेषा सरकल्यासारख्या दिसतात. म्हणजे खुंटा वासरानं हलवला की वाऱ्यानं, हे ठरवणं हेच खरं काम.

दक्षिण अमेरिकेत चिली देशात ला सिला नावाचा डोंगर आहे. तिथल्या दुर्बिणीला हार्प्स नावाचं यंत्र जोडलंय. २००३ पासून ते काम करतंय. निर्वात डब्यात बंद, आतलं तापमान जराही हलू देत नाहीत. त्या नोंदींवरून २०११ साली फ्रान्चेस्को पेपे आणि त्यांच्या सोबत्यांनी सांगितलं की या ताऱ्याला तीन ग्रह असावेत. एकाची फेरी १८ दिवसांची, दुसऱ्याची ४०, तिसऱ्याची ९०. पण मधल्या ४० दिवसांच्या ग्रहाबद्दल त्यांनी तेव्हाच सावध शब्द वापरले होते. कारण तारा स्वतःभोवती फिरायला साधारण तेवढेच दिवस घेतो. वासरू नसेल, वारा असेल.

पुढं मोजणी थांबली नाही. पारानालच्या मोठ्या दुर्बिणीवर एस्प्रेसो नावाचं आणखी बारीक मोजणारं यंत्र आलं. २०२२ मध्ये ऑक्सफर्डचे मायकल क्रेटिन्ये जुन्याच नोंदी नव्यानं चाळत होते, त्यात त्यांना एक फार संथ हेलकावा सापडला. ६४७ दिवसांचा. मग निकोला नारी आणि इतरांनी दोन्ही यंत्रांच्या वीसहून जास्त वर्षांच्या नोंदी एकत्र तपासल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये निकाल छापला. १८ दिवसांचा ग्रह टिकला. ९० दिवसांचा टिकला. ६४७ दिवसांचा नवा खरा ठरला. ४० दिवसांचा गेला.

पुतणीला त्या नव्या ग्रहाचं कौतुक. वजन पृथ्वीच्या निदान साडेपाच-सहा पट. त्याची वाट गोल नाही, लांबट आहे. ताऱ्याजवळ येतो तेव्हा सूर्यापासून शुक्र जेवढा लांब आहे साधारण तेवढ्यावर येतो, लांब जातो तेव्हा मंगळाच्याही पलीकडं. म्हणजे त्याच्या एका वर्षात पाणी उकळून जाण्याचाही काळ येऊ शकतो आणि गोठण्याचाही. मधे काही दिवस पाणी पाण्यासारखं राहील अशा पट्ट्यातून तो जातो. जवळ असताना भरभर पळतो, लांब असताना रेंगाळतो, म्हणून उन्हाळा आखूड आणि हिवाळा लांबलचक. खाली जमीन आहे की नुसती जाड हवा, ते अजून ठरायचंय. मी म्हणलं, बाई, तिथं रब्बी धरायची कधी? ती हसली.

ते सगळे चहा पिऊन घरी गेले. मी पाईप बदलले आणि परत येऊन बसलो. पण माझ्या डोक्यात नवा ग्रह नव्हता. जो गेला तो ४० दिवसांचा होता.

कारण याच पानावर तीन वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं, की सोयाबीनला फुलोऱ्याआधी एक टॉनिक फवारलं आणि एकरी दोन क्विंटल वाढ मिळाली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाचलं, पुढं पाठवलं. मी सावध शब्द एकही वापरला नव्हता. "खात्रीशीर" असं लिहिलं होतं.

तेव्हा एका कृषी शास्त्रज्ञांनी खाली एवढंच विचारलं होतं, "न फवारलेला पट्टा कुठे आहे?" मला राग आला होता. पट्टा नव्हताच. सगळ्या तुकड्यावर फवारलं होतं आणि तुलना केली होती ओढ्याकडच्या दुसऱ्या तुकड्याशी. नंतर वही चाळताना दिसलं, की फवारलेल्या तुकड्यात त्याच उन्हाळ्यात मी पाच रात्री मेंढरं बसवली होती. माझ्याच हातानं लिहिलेलं होतं आणि मीच विसरलो होतो.

मग गुपचूप तीन खरीप करून बघितलं. एकाच तुकड्यात आठ ओळी फवारलेल्या, आठ तशाच, परत आठ फवारलेल्या, परत आठ तशाच. मळणी वेगळी, वजन वेगळं. पहिल्या वर्षी फवारलेल्यात एकरी चाळीस किलो जास्त. दुसऱ्या वर्षी तीस किलो कमी. यंदा दोन्ही सारखं. म्हणजे माझ्या रानात तरी त्या टॉनिकनं काही दिलेलं नाही. वाढ मेंढरांच्या खताची असावी. कंपनीचं नाव तेव्हाही घेतलं नव्हतं, आताही घेत नाही. चूक माझ्या मोजण्याची होती.

हे लिहायला एवढा उशीर का? खरं सांगतो, लाज वाटत होती. भावकीतल्या एका थोरल्या भावानं माझं वाचून सहा एकरांवर फवारणी केली होती. औषध नि मजुरी धरून साडेपाच हजार गेले. उसनवारी करून.

काल सकाळी त्याच्याकडं गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, वही पण दाखवली. तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "फरक पडला नाही हे मला त्याच वर्षी कळलं होतं. पण तू लिहिलं होतंस. मला वाटलं, माझंच फवारायचं चुकलं असंल."

मंडळी, पैशापेक्षा हे जास्त लागलं. माझ्या एका शब्दानं त्या माणसाचा स्वतःच्या रानावरचा, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास हलला. वीस प्रकाशवर्षांवरचा एक ग्रह चुकला तर कुणाच्या घरात उसनवारी होत नाही. तरी ती माणसं आधी सावध बोलली आणि पुढंही वर्षानुवर्षं मोजत राहिली. मी एका हंगामात "खात्रीशीर" लिहून मोकळा झालो.

म्हणून ही दुरुस्ती. जुनी नोंद काढून टाकलेली नाही. तिच्या वर "हे चुकीचं ठरलं" असं लिहून ठेवलंय. ज्यांनी पुढं पाठवली होती, त्यांनी कृपा करून हीही पाठवावी.

आणि एक विनंती. नवीन काहीही वापरा, बियाणं, खत, फवारणी, काहीही. पण त्याच तुकड्यात, त्याच दिवशी पेरलेल्या आठ ओळी तशाच सोडा. दोन-तीन ठिकाणी सोडता आल्या तर फारच चांगलं. मळणी वेगळी करा, वजन काट्यावर करा आणि तुकड्याचा मागचा इतिहास वहीत लिहा, मेंढरांसकट. एका वर्षावर बोलू नका. तुमचे आकडे माझ्याविरुद्ध गेले तरी इथं खाली लिहा. मी रागावणार नाही, आता तरी नाही.

भावाला म्हणलंय, पुढच्या खरिपात तुझ्या रानातल्या ओळी आपण दोघं मिळून मोजू. खुंट्या माझ्याकडून.

दीड वाजलाय. पाईप बदलायची वेळ झाली. तो तारा आता बराच पश्चिमेला कललाय.